एका दुखण्याचा इतिहास

इतिहासाच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकावे ही पुष्कळांस अनधिकार चेष्टा वाटेल, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. तेव्हा या लेखास कारण काय घडले ते आधी सांगितले पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक बुद्धिमान विद्यार्थिनी होती. दर महिन्यास दोन-तीन दिवस ती गैरहजर असे. विचारले असता ‘बरे नव्हते’ यापलीकडे उत्तर नसे. सत्राच्या अखेरीस तिची हजेरी नियमात बसेना, आणि प्रस्तुत लेखकाने इतर नावांबरोबर तिच्याही नावापुढे तांबडी खूण करून यादी कार्यालयात धाडली. तिचे एक वर्ष फुकट गेले. गेल्या वर्षी ती भेटावयास आली ती हातात कागदांची जाडजूड फाइल घेऊन. मध्यंतरी तिच्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि दुखण्यास एक नाव मिळाले होते: एंडोमेट्रिऑसिस. तक्रार करावयास ती आलीच नव्हती. ती म्हणाली, “सर, तुम्ही इतिहास शिकविता म्हणून विचारते. हे दुखणे आताच कोठून आले? माझ्या आजीच्या काळी ते नव्हते, की होते आणि त्याला नाव नव्हते?”

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यात जे वाचन घडले त्याचाच हा वृत्तान्त आहे. शरीराच्या अशा भागाविषयी चारचौघांत बोलू नये अशा संस्कारात आमची पिढी वाढली. परंतु या इतिहासातील निम्मा अनर्थ त्या न बोलण्यातूनच उद्भवला आहे, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

प्रथम हे दुखणे म्हणजे काय ते पाहू. गर्भाशयाच्या आतील बाजूस एक मऊ अस्तर असते. दरमहा ते वाढते, रक्ताने पुष्ट होते, आणि गर्भ राहिला नाही म्हणजे गळून पडते; हीच मासिक पाळी. काही स्त्रियांच्या शरीरात या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाबाहेर रुजलेल्या आढळतात: अंडाशयावर, पोटाच्या आतील पातळ पडद्यावर, आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित बेंबीत, फार क्वचित छातीतसुद्धा. शरीरातील हार्मोनांचा हुकूम या परक्या जागीही पोहोचतो आणि तेथील पेशीही महिन्याच्या महिन्यास फुगतात व रक्ताळतात. मात्र त्या रक्तास बाहेर पडण्यास वाट नसते. भोवताली दाह होतो, वण पडतात, शेजारची इंद्रिये एकमेकांस चिकटतात. मग पाळीत असह्य कळा, शौचाच्या वा समागमाच्या वेळी वेदना, सततचा थकवा, आणि बऱ्याच जणींस मूल होण्यात अडचण, असा हा व्याधी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुली याने ग्रस्त आहेत. इतके व्यापक दुखणे सुशिक्षित घरांतही नावाने ठाऊक नसावे, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

आता आजीच्या काळाहूनही मागे जावयाचे, तर आपल्याकडील काही अभिमानी मंडळी लगेच चरकसंहिता पुढे करतील. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. चरकाने स्त्रियांच्या वीस योनिव्यापदांमध्ये ‘उदावर्तिनी’ नावाचा एक विकार सांगितला असून, वायूच्या विपरीत गतीमुळे आर्तव वर जाते, ते मोठ्या कष्टाने बाहेर पडते, आणि पडताच रोगिणीस आराम वाटतो, असे त्याचे वर्णन आहे. आर्तव ‘वर जाते’ हे शब्द वाचून, पुढे ज्या अमेरिकन शल्यवैद्याची हकीकत यावयाची आहे त्याची कोणासही आठवण होईल. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे स्वतःस आवर घातला पाहिजे. साध्या, निरुपद्रवी पाळीच्या कळांसही ते वर्णन तितकेच लागू पडते. प्राचीन वैद्याने वेदनेची दखल घेतली, तिला रोगांच्या यादीत स्थान दिले, एवढे निश्चित. त्याहून अधिक श्रेय त्याच्या पदरात बांधणे हा इतिहास नव्हे. हीच सावधगिरी पाश्चात्यांविषयीही बाळगावयास हवी. ग्रीकांच्या समजुतीत गर्भाशय हे शरीरभर भटकणारे इंद्रिय असून त्याच्या भटकण्याने स्त्रीस झटके येत. ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरूनच आला. शतकानुशतके हिस्टेरिया म्हणून हिणविल्या गेलेल्या स्त्रियांपैकी कित्येकींस वस्तुतः एंडोमेट्रिऑसिस असावा, असे अलीकडे काही डॉक्टरांनी मांडले आहे. कित्येकींस असेलही, पण मृतांची नाडी कोणी पाहावी?

पक्क्या पुराव्याचा इतिहास सुरू होतो तो व्हिएन्ना शहरात, आणि तोही शवविच्छेदनाच्या टेबलावर. कार्ल फॉन रोकिटान्स्की हा तेथील विकृतिशास्त्राचा प्राध्यापक. हजारो प्रेतांची तपासणी ज्याच्या देखरेखीखाली झाली असा हा मनुष्य. १८६० साली त्याने गर्भाशयाच्या अस्तरातील ग्रंथी जेथे असू नयेत तेथे वाढलेल्या आढळतात असे नोंदविले. हीच या रोगाची पहिली नोंद होय की नव्हे, याविषयी विद्वानांत आजही वाद आहे, आणि तो मिटेल असे दिसत नाही. आपणास लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. हा रोग प्रथम दिसला तो ज्यांस कळा येत होत्या त्यांच्या सांगण्यावरून नव्हे, तर ज्यांस आता कळा येणे शक्य नव्हते त्यांच्या शरीरात.

जिवंत स्त्रियांच्या वाट्यास त्या काळी काय येत होते तेही पाहावे. १८७२ साली अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात रॉबर्ट बॅटी नावाच्या शल्यवैद्याने पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून अंडाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे ही ‘बॅटीची शस्त्रक्रिया’ वेदनेवरच काय, वेडावर आणि चिडखोर स्वभावावरही सर्रास होऊ लागली. इकडे पॅरिसमध्ये शार्को हा मज्जारोगांचा महापंडित ओटीपोटातील दुखरी जागा ही हिस्टेरियाची खूण मानीत असे आणि झटका थांबविण्यासाठी अंडाशयावर दाब देणारे यंत्रही वापरीत असे. बाईचे ओटीपोट दुखते हे सर्वांस दिसत होते. ते का दुखते, हे पाहण्याआधी तिचे मन बिघडले आहे असा निकाल तयार असे.

पुढील अर्धशतकाची हकीकत थोडक्यात आटोपती घेतो. १८९६ साली फॉन रेक्लिंगहाउझेन याने असे प्रतिपादन केले की हे परके तंतू म्हणजे गर्भावस्थेतील अवयवांचे उरलेले अवशेष होत. त्याच सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत टॉमस कलन हा कॅनडात जन्मलेला शल्यवैद्य एकामागून एक नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घालीत होता. १९०८ साली त्याचा या विषयावरील मोठा ग्रंथ निघाला, आणि १९२० साली त्याने हे तंतू शरीरात कोठकोठे सापडतात त्याचा जणू नकाशाच छापला. त्यात आतडे होते, तसेच बेंबीही होती. नकाशा तयार झाला. प्रवासी तेथवर कसा पोहोचला, हे मात्र कोणास सांगता येईना.

ते सांगण्याचा मान जॉन सॅम्पसन याचा. हाही जॉन्स हॉपकिन्सचाच विद्यार्थी. परंतु पुढे त्याने न्यूयॉर्क संस्थानातील ऑल्बनी या तुलनेने आडबाजूच्या शहरी आयुष्य काढले. मोठ्या विद्यापीठांच्या गजबजाटापासून दूर राहून एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरविणाऱ्या माणसांविषयी प्रस्तुत लेखकास प्रथमपासून विशेष आदर आहे, हे कबूल करावयास हरकत नाही. अंडाशयावर दाट, तपकिरी द्रवाने भरलेली गळवे शल्यवैद्यांस पूर्वीपासून आढळत. १९२१ साली सॅम्पसनने दाखवून दिले की हा ‘चॉकलेटी’ द्रव म्हणजे जुने, साकळलेले रक्त असून गळवाच्या आतील अस्तर गर्भाशयाच्या अस्तरासारखेच असते. ही गळवे फुटतात आणि त्यांतील कण पोटात सांडून जेथे पडतात तेथे बीजाप्रमाणे रुजतात, असे त्याचे अनुमान होते. पण मग गळवातील अस्तर आले कोठून? येथे त्याने केलेली युक्ती साधी असली तरी तीतच त्याची खरी बुद्धी दिसते. पाळी चालू असताना ज्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग आला अशा स्त्रियांच्या बीजवाहिन्या त्याने मुद्दाम तपासल्या. त्यांत रक्त होते, आणि त्या रक्तात अस्तराचे कणही होते. सारा स्राव खाली जात नाही. काही भाग उलट दिशेने, बीजवाहिन्यांतून पोटात जातो. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात ही उपपत्ती पूर्णपणे मांडली आहे आणि त्याच्या शीर्षकातच ‘एंडोमेट्रिऑसिस’ हे, त्यानेच रूढ केलेले, नाव आहे.

या उपपत्तीस बर्लिनच्या रॉबर्ट मायर याने कडाडून विरोध केला. पोटाच्या पडद्यातील पेशीच रूप पालटून गर्भाशयाच्या अस्तरासारख्या होतात, असा त्याचा पक्ष होता. (ज्यू कुळातील या वृद्ध पंडितास नाझी राजवटीमुळे १९३९ साली देश सोडून अमेरिकेत आसरा घ्यावा लागला, ही गोष्ट जाता जाता नमूद करतो.) वाद अद्यापि संपलेला नाही. सॅम्पसनच्या मतावरील मोठा आक्षेप असा की, पाळीचे रक्त थोडेबहुत उलट जाणे हे बहुतेक सर्वच स्त्रियांत घडते असे पुढील संशोधनात आढळले. मग रोग दहांतील एकीलाच का? अनुवंश, शरीराची प्रतिकारव्यवस्था, हार्मोन, या सर्वांचा त्यात वाटा असावा असे आज मानतात. फुफ्फुसात जे कण सापडतात ते रक्तवाहिन्यांतून वा लसीकावाहिन्यांतून गेले असावेत. एकच किल्ली सगळ्या कुलपांस लागत नाही, एवढे निश्चित.

१९२७ हेच साल मराठी वाचकांस दुसऱ्या एका कारणाने परिचित असावयास हवे. त्या वर्षी मुंबईस रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली आपल्या मृत्यूपर्यंत, खटले व नाचक्की सोसून, चालविले. ऑल्बनीचा शल्यवैद्य आणि मुंबईचा गणिताचा प्राध्यापक यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. परंतु एकीकडे या दुखण्यास नाव मिळत असता, आपल्याकडे शरीराच्या त्या भागाचा उच्चार करणाऱ्यास कोर्टात उभे राहावे लागत होते, हे विसरता येत नाही. आजींच्या तोंडी या वेदनेस शब्द नव्हते असे नाही. ‘कंबर भरून येते’, ‘ओटीपोटात कळा येतात’ असे शब्द होते. पण ते माजघराच्या उंबऱ्याबाहेर पडत नसत, आणि ज्या चार दिवसांत त्यांची गरज त्याच चार दिवसांत ती बाई ‘बाजूला’ बसलेली असे.

नाव मिळाल्याने रोगिणीचे कल्याण झाले असे वाचक समजतील तर ती चूक ठरेल. बोस्टनचा जो मीग्ज हा त्या काळचा नाणावलेला स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४१ साली व त्याच्या आगेमागे लिहिलेल्या लेखांतून त्याने असे मांडले की, हा रोग आपल्या खासगी, सुखवस्तू रोगिणींत अधिक दिसतो, धर्मादाय रुग्णालयातील गरीब स्त्रियांत कमी. कारण काय? सुखवस्तू घरांत विवाह उशिरा होतात आणि मुले लांबणीवर टाकली जातात. निसर्गाच्या योजनेविरुद्ध वागल्याचा हा परिणाम होय. उपाय उघडच होता: लग्न लवकर करा, मुले लवकर होऊ द्या. यातूनच पुढे ‘नोकरदार बाईचा रोग’ हे कुत्सित नाव जन्मास आले.

हे वाचताना मला हसू आले आणि लगेच लाजही वाटली. कारण नेमका हाच सल्ला आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका देत आल्या आहेत: ‘लग्न झाले, एक मूल झाले, की आपोआप बरे होते.’ बोस्टनचा प्राध्यापक आणि आमची आत्या या बाबतीत एकमताच्या! दोघांच्याही बोलण्यात निरीक्षणाचा अंश होता, हे नाकारू नये. गरोदरपणात पाळी थांबते, आणि तेवढ्यापुरत्या अनेकींच्या कळाही थांबतात. पूर्वीच्या स्त्रीचा बराच काळ गरोदरपणात व अंगावर पाजण्यात जाई. आजच्या स्त्रीस आयुष्यात चारशेंच्या आसपास पाळ्या येतात, म्हणजे या व्याधीस वाव अधिक मिळतो. पण थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे. कित्येकींचा त्रास नंतर परत येतो. आणि ज्या रोगामुळे मूल होणेच कठीण जाते त्यावर मूल होणे हे औषध सांगणे म्हणजे लंगड्यास धावण्याचा सल्ला देण्यासारखेच झाले. खासगी रोगिणींत रोग अधिक दिसतो याचे एक अगदी साधे कारण मीग्जसारख्या हुशार माणसास सुचू नये याचे नवल वाटते. पोट उघडून आत पाहण्याइतके लक्ष आणि पैसा ज्यांच्यावर खर्च होई, त्यांच्याच पोटात काय आहे ते कळे.

हा भ्रम उघडा पाडण्यास पस्तीस वर्षे लागली. १९७६ साली शिकागोच्या डोनाल्ड चॅटमन याने कृष्णवर्णीय स्त्रियांतील एंडोमेट्रिऑसिसवर निबंध लिहिला. ‘त्यांस हा रोग होतच नाही’ असे पाठ्यपुस्तकांनी पढविले होते. त्यांचे पोट दुखले की ओटीपोटात संसर्ग झाला असे निदान ठरलेले असे, आणि त्या निदानात त्यांच्या चालचलणुकीवर न बोललेला ठपका असे. चॅटमनने दुर्बिणीने आत पाहिले तेव्हा त्यांपैकी कित्येकींच्या पोटात एंडोमेट्रिऑसिस आढळला. म्हणजे एकच दुखणे गोऱ्या, शिकलेल्या बाईस झाले तर तिची महत्त्वाकांक्षा नडली, आणि कृष्णवर्णीय बाईस झाले तर तिचे वर्तन!

ही दुर्बीण म्हणजे लॅपरोस्कोप. बेंबीजवळ लहानसे छिद्र करून पोटात वायू भरावयाचा आणि नळीतून आत पाहावयाचे, ही पद्धत स्त्रीरोगांसाठी पॅरिसच्या राउल पामर याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू केली. पुढे जर्मनीत कील येथे कुर्ट झेम याने तीतून शस्त्रक्रियाही करून दाखविल्या. आता तरी डोळ्यांस दिसेल ते खरे, असे वाटावे. पण डोळाही शिकविल्याप्रमाणेच पाहतो. सॅम्पसनच्या काळापासून हा रोग म्हणजे काळसर निळे, दारू उडून पडल्यासारखे डाग, असे चित्र ठसलेले होते. १९८६ साली सिडनीच्या जॅन्सन व रसेल यांनी दाखविले की रंगहीन, पांढरे, पारदर्शक फोड हेही याच रोगाचे रूप असते. तोपर्यंत ज्या मुलींच्या पोटात केवळ असे फोड होते त्यांपैकी कितीजणींस दुर्बीण बाहेर काढून ‘काही नाही, मनाचे आहे’ असे सांगण्यात आले असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की, रोगाच्या ज्या चार पायऱ्या डॉक्टरांनी ठरविल्या आहेत त्यांचा वेदनेशी मेळ बसत नाही. चौथ्या पायरीवरील एखादीस फारसे दुखत नाही आणि पहिल्या पायरीवरील एखादी अंथरुणातून उठू शकत नाही.

म्हणून १९८० साल मला सॅम्पसनच्या सालाइतकेच महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी अमेरिकेत मिल्वॉकी येथे मेरी लू बॅलवेग या स्वतः रोगी असलेल्या बाईने कॅरोलिन कीथ हिच्यासह रोगिणींची संघटना स्थापिली आणि रोगिणींकडूनच त्यांच्या आजाराची माहिती गोळा करण्यास आरंभ केला. हा तिशीतल्या बायकांचा रोग, असे ग्रंथ सांगत होते. पुष्कळ जणींच्या कळा शाळेच्या वयातच सुरू झाल्या होत्या, असे या बायकांनी सांगितले. रोकिटान्स्कीनंतर १२० वर्षांनी ज्याचे दुखते त्यास विचारण्याची पद्धत पडली.

उपचारांचा इतिहासही याच गृहीतांच्या छायेत वाढला. बोस्टनच्याच किस्टनर याने १९५० नंतरच्या दशकात हार्मोनांच्या गोळ्यांनी ‘खोटे गरोदरपण’ आणण्याचा उपाय काढला; मीग्जचा सल्ला जणू बाटलीत भरला. १९७६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डॅनाझॉल हे औषध पुरुषी हार्मोनाच्या जातीचे. त्याने वेदना कमी होत, पण काही स्त्रियांचा आवाज घोगरा होई आणि चेहऱ्यावर लव येई. मेंदूतून अंडाशयास हुकूम देणाऱ्या द्रव्याच्या शोधासाठी गिय्मँ व शॅली यांस १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, आणि त्या शोधातून अंडाशयास काही काळ झोपविणारी इंजेक्शने आली. त्यांनी अकाली ऋतुनिवृत्तीसारखी स्थिती होते आणि हाडे झिजतात, म्हणून ती फार दिवस चालवीत नाहीत. आज वेदनाशामके, गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टसारखी औषधे, गर्भाशयात बसविण्याचे हार्मोनयुक्त साधन, आणि जरूर तेथे रुजलेले तंतू दुर्बिणीतून कापून काढणे, असे मार्ग आहेत. मूल हवे असणारीचा मार्ग वेगळा, नको असणारीचा वेगळा. रोग समूळ जाईल असे वचन कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. गर्भाशय काढल्यानेही ते वचन पुरे होत नाही, कारण रोग असतो तो गर्भाशयाबाहेर.

निदानाच्या बाबतीत मात्र अलीकडे मोठा पालट झाला आहे. दुर्बीण घातल्यावाचून निदान नाही, हा जुना दंडक युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली सोडून दिला. लक्षणे ऐकून, सोनोग्राफी वा एमआरआय करून, आणि या चित्रांत काही दिसले नाही तरीही, औषध सुरू करता येते असे ती आता सांगते. आपल्याकडील पालकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या रोगासाठी उपयोगी पडणारी सोनोग्राफी योनिमार्गे करावयाची असते, आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत ती सहसा टाळली जाते. पोटावरून केलेल्या तपासणीत ‘सर्व ठीक’ असे लिहून आले म्हणजे दुखणे नाही असा अर्थ होत नाही. इंग्लंडसारख्या देशातही, २०२० साली तेथील पार्लमेंटच्या सभासदांच्या एका गटाने केलेल्या चौकशीप्रमाणे, निदान होण्यास सरासरी आठ वर्षे लागत होती, आणि मागील दहा वर्षांत त्यात काही सुधारणा झालेली नव्हती.

माझ्या विद्यार्थिनीच्या फाइलमधील कागद मी तारखांच्या क्रमाने लावून पाहिले. इतिहासकाराची खोड, दुसरे काय. पहिल्या डॉक्टरच्या चिठ्ठीपासून रोगाचे नाव असलेल्या कागदापर्यंत नऊ वर्षे होतात. पहिली चिठ्ठी ती आमच्या वर्गात येण्यापूर्वीची, शाळेतली आहे. तिच्यावर एका वेदनाशामक गोळीचे नाव असून खाली ‘पाळीत असे होतेच’ एवढेच लिहिले आहे. तिच्या प्रश्नास मी जे उत्तर दिले ते असे: दुखणे तुझ्या आजीच्या वेळीही बहुधा होते, कदाचित आजच्याहून कमी जणींस, १९२७ पर्यंत त्यास हे नाव नव्हते, आणि नाव मिळाल्यावरही ते तुझ्या आजीपर्यंत पोहोचण्यास वाट नव्हती. आजी हयात आहे. “विचारून पाहते,” असे ती म्हणाली.

हजेरीविषयी सांगावयाचे राहिले. २०२३ च्या जानेवारीत केरळ सरकारने आपल्या विद्यापीठांतील विद्यार्थिनींस पाळीच्या कारणास्तव हजेरीच्या अटीत दोन टक्क्यांची सवलत दिली, पंच्याहत्तरऐवजी त्र्याहत्तर. आमच्या महाविद्यालयाच्या सभेत मी तो विषय काढला आहे. एका सहकाऱ्यांनी विचारले की मुली याचा गैरफायदा घेणार नाहीत कशावरून. पुढील सभा जुलैत आहे.